माळेगाव यात्रेतली घोंगडी: लोकर पारखून केलेला आढावा

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, जवळ आली की नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजाराचे फोटो पेपरात येतात, घोंगड्यांच्या थप्प्यांबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. हा आढावा त्या थप्प्यांचा. एखाद्या विणकराचा किंवा दुकानाचा नव्हे. यात्रेत आणि कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर या बाजूच्या आठवडी बाजारांत ‘घोंगडी’ म्हणून जो माल विकला जातो, त्यातल्या चार प्रकारांबद्दल लिहिलं आहे.

विकणारा साधारण तीन गोष्टी ऐकवतो. “काळीभोर आहे मामा, वजनाला भरती आहे, अन् हात लावून बघा, किती मऊ.” या तिन्हींतून लोकरीची प्रत कळत नाही. काळेपणा रंगवून आणता येतो, वजन खळीनं, म्हणजे सुताला दिलेल्या चिकट रसानं, वाढतं आणि मऊपणा तर जुन्या स्वेटरच्या चिंध्यांतूनही मिळतो.

लोकरीची बारिकी मोजतात मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाड असतो. मेरिनो लोकर १७ ते २४ मायक्रॉनमध्ये बसते. राजस्थानातली चोकला ही देशी जातींत बारीक लोकरीची म्हणून नावाजलेली, तिला ‘राजस्थानची मेरिनो’ म्हणतात, तरी ती २८-३० च्या आसपास असते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर पन्नाशीच्या घरात जाते. म्हणजे तिचा सरासरी तंतू माणसाच्या बारीक केसाच्या जवळपास जाड.

मायक्रॉन रूढ होण्याआधी इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांची नंबरपद्धत चालायची. धुऊन विंचरलेल्या एक पौंड लोकरीतून ५६० यार्डांच्या जितक्या लडी कातता येतील, तो तिचा नंबर. ६४ नंबर म्हणजे ६४ लडी, ३५,८४० यार्ड सूत, जवळपास ३३ किलोमीटर. तंतू बारीक असेल तर सूत लांब निघतं, म्हणून नंबर मोठा. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यानं हे नंबर मायक्रॉनशी बांधून दिले. ६४ नंबर म्हणजे २०.६० ते २२.०४ मायक्रॉन, ५६ नंबर २६.४० ते २७.८४, ४६ नंबर ३२.७० ते ३४.३९, आणि सगळ्यात तळाला ३६ नंबर, ३८.१० ते ४०.२०. त्याखाली एकच ओळ उरते: ‘३६ पेक्षा जाड’. दख्खनी लोकर जवळजवळ सगळी त्या एका ओळीत कोंबलेली आहे. जगाची पट्टी जिथं संपते तिथं आपली घोंगडी सुरू होते, त्यामुळे त्या पट्टीवर आपल्या दोन घोंगड्यांची तुलना करता येत नाही.

आणि खरी गंमत सरासरीत आहे. दोन घोंगड्यांची सरासरी ५० मायक्रॉन भरली, तरी एक दहा वर्षं टिकते आणि दुसरी पहिल्याच हिवाळ्यात सदऱ्यावर केस सांडते. दख्खनी मेंढीच्या अंगावर एकाच जागी तीन तऱ्हेचे तंतू उगवतात, म्हणून असं होतं. पहिला खरा लोकरीचा. तो बारीक, नागमोडी आणि आतून भरीव असतो. दुसरा केसाळ. हा जाड, सरळ, लांब, आणि त्याच्या मधोमध कमी-जास्त पोकळी असते. तिसरा मेलेला केस, ज्याला जाणकार केम्प म्हणतात. तो आखूड, खरखरीत, दोन्ही टोकांना निमुळता, खडूसारखा निस्तेज असतो आणि आतून जवळजवळ सगळा पोकळ. दख्खनीत पोकळी असलेले तंतू निम्म्याहून जास्त भरतात. त्यांतल्या केसाळ तंतूंशी आपलं भांडण नाही. घोंगडीला ताठपणा तेच देतात, पाऊस त्यांच्यावरूनच ओघळतो. मेलेला केस मात्र पीळ धरत नाही, रंग धरत नाही, वाकवला की मोडतो, आणि सुतातून टोक बाहेर काढून टोचत राहतो. घोंगडी घेताना मायक्रॉन विसरा, मेलेले केस मोजा. खालचे चारही प्रकार पारखताना हाच निकष धरला आहे.

मोजायचं कसं? घोंगडीच्या आडव्या धाग्यातून, म्हणजे बाण्यातून, काठाजवळचा बोटभर लांब धागा सोडवून घ्या. विकणाऱ्याला आधी विचारा. चांगला विणकर हरकत घेत नाही, उलट स्वतःच धागा काढून देतो. धाग्याचा पीळ उलटा फिरवून तंतू मोकळे करा. काळी लोकर असेल तर पांढऱ्या कागदावर, पांढरी असेल तर काळ्या कापडावर ते पसरा. कापडवाले वापरतात ते दहापट भिंग असलं तर उत्तम, नसलं तर सकाळचं ऊन पुरतं. शंभर तंतू मोजून तीन ढीग करा. शंका आलेला तंतू नखावर वाकवा. लोकर वाकून परत येते, केसाळ तंतू कमान करतो, मेलेला केस कोपरा करून तिथंच राहतो किंवा तुटतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. आमचा ठोकताळा असा की शंभरात मेलेले केस तीनपर्यंत असतील तर उत्तम, दहापर्यंत असतील तर चांगली, वीसच्या वर गेले तर पांघरायला घेऊ नका. हा बाजारातला ठोकताळा आहे, प्रयोगशाळेचा नियम नव्हे. मायक्रॉनचा छापील कागदच हवा असेल तर केंद्रीय लोकर विकास मंडळाची चाचणी प्रयोगशाळा बिकानेरला आहे. पण एका घोंगडीसाठी तिथवर जाण्यात अर्थ नाही, गटानं किंवा संस्थेनं लोकर विकायची असेल तरच तो खटाटोप करावा.

आता माल.

जावळाची घोंगडी सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त खोटी सांगितली जाणारी. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातर. ती मऊ लागते याचं कारण फक्त बारीकपणा नाही. पहिल्या कातरीच्या तंतूचं एक टोक जन्मतः निमुळतं असतं, त्याला अजून कातर लागलेली नसते. मोठ्या मेंढीच्या तंतूची दोन्ही टोकं कापलेली, बोथट असतात आणि तीच कातडीला बोचतात. खरी जावळ ओळखायची खूणही हीच. सोडवलेल्या धाग्यातले तंतू भिंगाखाली धरा. बऱ्याच तंतूंना एक टोक सुईसारखं आणि दुसरं सपाट दिसलं पाहिजे. दोन्ही टोकं सपाट दिसणारे तंतू जास्त असतील तर मोठ्या मेंढीची लोकर मिसळली आहे. दोन्ही टोकं निमुळती दिसली तर तो मेलेला केस, त्याला जावळ समजू नका. कोकराच्या अंगावर जन्माचे राठ केसही असतात, त्यामुळे जावळ आहे म्हणजे आपोआप मऊ असं नाही. निवडलेली नसेल तर जावळाची घोंगडीसुद्धा टोचते.

हिशोब करून पाहा. दख्खनी मेंढी एका कातरीला साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम लोकर देते, वर्षातून दोनदा. अडीच किलोच्या साध्या घोंगडीला, घाण आणि पिंजताना होणारी घट धरून, आठ-दहा मेंढ्यांची एक कातर लागते. कोकरू देणार त्याहून बरंच कमी. म्हणजे एका जावळ घोंगडीमागे पंधरा-वीस कोकरं. मग यात्रेत एकाच थप्पीत पंचवीस-तीस ‘शुद्ध जावळ’ दिसल्या तर आपण काय समजायचं ते समजावं. खरी मिळाली तर लहान बाळाच्या अंथरुणाला आणि म्हाताऱ्या माणसाच्या पांघरुणाला यासारखं दुसरं नाही. रानात वापरायला मात्र घेऊ नका. तंतू कोवळा असतो, घासला की लवकर विरतो.

आमच्या मते पैसे टाकावेत ते दुसऱ्या प्रकारावर: मोठ्या मेंढीची, पण निवडलेल्या लोकरीची घोंगडी. हिचं वेगळं नाव बाजारात नाही, हीच अडचण. ती ‘चांगली घोंगडी’ म्हणूनच विकली जाते, आणि शेजारच्या सरसकट घोंगडीपेक्षा भाव थोडाच जास्त असतो. फरक पडतो तो मेंढी भादरली जाते तिथं. एकाच मेंढीच्या अंगावर लोकर सारखी नसते. खांद्यावरची सगळ्यात बारीक आणि सारखी. कुशीची त्याखालोखाल. पाठीवरची लांब असते, पण उन्हानं तिची टोकं करपून तांबूस आणि ठिसूळ होतात, धूळही तिथंच बसते. मांडीवरची राठ, मेलेल्या केसांचं माहेरच. शेपटीखालची लेंड्या-मुतानं डागाळलेली, ती टाकूनच द्यायची. पोटाकडे आणि पायांवर दख्खनीला लोकर जवळजवळ नसतेच. भादरताना खांदा-कुशीचा ढीग वेगळा, मांडीचा वेगळा, एवढं जरी केलं तरी घोंगडीची प्रत एक पायरी वर जाते. मांडीची राठ लोकर वाया जात नाही, ती अंथरायच्या जाड घोंगडीला किंवा बुरणुसाला, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेल्या जाड पांघरुणाला, चालते.

भादरणाऱ्याच्या हाताची आणखी एक खोड घोंगडीत दिसते. कातर पहिल्या फटक्यात कातडीलगत गेली नाही, तर राहिलेले खुंट गुळगुळीत करायला तो पुन्हा कातर फिरवतो. त्या दुबार कातरीचे अर्धा-पाऊण इंची तुकडे लोकरीत मिसळतात. पिंजताना त्यांच्या गोळ्या होतात, सुतात गाठी येतात. घोंगडी उन्हापुढे आडवी धरली की या गाठी बारीक दाण्यांसारख्या दिसतात. हातानं कातलेल्या सुतात जाड-बारीकपणा असायचाच, त्याला नाक मुरडू नये. तो लांब लाटेसारखा असतो. दाणे मात्र बोटाला लागतात आणि महिनाभरात तिथंच बोंडं सुटतात.

लांबी आणि ताकदही इथंच तपासा. सहा महिन्यांच्या वाढीची दख्खनी लोकर साधारण तीन इंच भरते. दोन इंचांखालची असेल तर सूत धरून ठेवायला जास्त पीळ द्यावा लागतो आणि घोंगडी दोरखंडासारखी कडक होते. कच्ची लोकर विकत घेत असाल तर ताकदीची परीक्षा कानाजवळ करा. पेन्सिलीच्या जाडीची बट दोन्ही हातांत ताणून धरा आणि मधल्या बोटानं टिचकी मारा. निरोगी बट तारेसारखी टणत्कार करते. चर्र आवाज आला, तंतू तुटले, तर त्या मेंढीला मधे कधीतरी ताप, उपासमार किंवा अवघड विणं झालेलं आहे. त्या दिवसांत तंतू बारीक पडतो आणि नेमका तिथंच तुटतो. दुष्काळी वर्षाच्या उन्हाळ्यानंतर भादरलेल्या लोकरीत ही तूट ठळक दिसते. अशी लोकर हाताला बारीक लागते, म्हणून ‘मऊ आहे’ म्हणून खपते. इथं बारिकी हा दोष आहे.

तिसरा प्रकार सरसकट घोंगडी. यात्रेत जास्तीत जास्त माल हाच. सगळ्या अंगाची, सगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजलेली. त्यात कधी खाटकाकडची लोकर येते, म्हणजे मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून चुन्यानं सोडवलेली. ती कोरडी आणि खरबरीत लागते, आणि भिंगाखाली तंतूच्या एका टोकाला मुळाची गाठ दिसते, कारण ती कातरलेली नसते, उपटलेली असते. गोखरू, कुसळं, आघाड्याचं बी हेही यातच. पावसाळ्यानंतरच्या कातरीत हा कचरा सगळ्यात जास्त असतो, आणि येळवशीच्या सुमाराला बाजारात येणारा ताजा माल बहुतेक त्याच कातरीचा. घोंगडीवरून हात फिरवताना बोटाला टोचलं ते लोकर की कुसळ हे वेगळं ओळखा. कुसळ चिमटीत निघून येतं. पाच-सहा ठिकाणी निघालं तर ठीक, वीतभर जागेत पाच-सहा निघाली तर पुढे चला. तेलंगणात दख्खनी कळपांची जागा मोठ्या प्रमाणावर नेल्लोर मेंढीनं घेतली आहे. ती मटणाची, अंगावर लोकर नव्हे तर केस असलेली मेंढी. त्या संकराची लोकर मिसळली की मेलेल्या केसांचा ढीग एकदम वाढतो. म्हणून देगलूर-बिलोलीच्या सीमेकडे घोंगडी घेताना मोजणी टाळू नका. सरसकट घोंगडी वाईटच असं नाही. बैलगाडीत, खळ्यावर, राखणीला अंथरायला ती पुरते. गड्याला पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला तर राठ लोकरच बरी. पण ती निवडीच्या भावानं घेऊ नये.

चौथ्या प्रकाराला घोंगडी म्हणू नये, पण म्हणतात. ही पानिपतहून येणारी यंत्रमागाची काळी-करडी ब्लँकेटं. पानिपत हे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या फाडून पुन्हा सूत कातण्याचं मोठं केंद्र आहे. त्या सुतात आखूड तंतू आणि बऱ्याचदा ॲक्रिलिक असतं. हाताला मऊ, वजनाला हलकी, भावाला स्वस्त. थंडीत कुणाला वाटायला घ्यायची असतील तर खुशाल घ्या. ओळखायला सोपी आहेत. एक धागा सोडवून भिंगाखाली धरा. लांबून करडा दिसणारा धागा जवळून लाल, निळ्या, हिरव्या तंतूंचा निघतो. मेंढी निळी नसते.

आता रंगाबद्दल. दख्खनी मेंढी बहुतेक काळी किंवा काळी-पांढरी असते, पण तिचा काळा शाईसारखा नसतो. त्यात तपकिरी झाक असते, टोकं तांबूस असतात, अधूनमधून पांढरा केस असतो. पूर्ण घोंगडीभर एकसारखा गर्द काळा दिसला तर पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करून जोरात चोळा. नैसर्गिक काळा सुटत नाही. रंगवलेली लोकर वाईटच असं नाही, पण मिश्र आणि डागाळलेली लोकर लपवायला हा सोपा मार्ग आहे. त्यातही मेलेला केस रंग पीत नाही, म्हणून रंगवलेल्या घोंगडीत फिकट आखूड केस उठून दिसले तर मोजणीशिवायच निकाल लागला.

वजनाचा घोळ खळीत आहे. विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, सालं काढून, दळून, शिजवून तिचा चिकट रस करतात आणि कुंच्यानं सुतावर ओढतात. खळ हवीच. तिच्याशिवाय केसाळ सूत मागावर घासून तुटतं, आणि नव्या घोंगडीचा कडकपणा, तिचा तो विशिष्ट वास तिचाच. पण सैल विणलेल्या घोंगडीला वरून दाट खळ दिली की ती घट्ट आणि जड वाटते. नखानं खरवडा. भरपूर पांढरी भुकटी निघाली किंवा ओल्या बोटाखाली बुळबुळीत लागलं, तर तुम्ही लोकरीच्या भावानं चिंचोके घेत आहात. पहिल्या धुण्यात ते पाण्याबरोबर जातात आणि मागे राहते जाळी.

वजनाचं दुसरं गणित हवेचं. लोकर ओल पिते. व्यवहारात धुतलेल्या लोकरीचं वजन १६-१७ टक्के ओल धरूनच मोजतात, आणि पावसाळी हवेत ती तीसेक टक्क्यांपर्यंत ओल घेऊनही हाताला कोरडी लागते. भाद्रपदात घेतलेली अडीच किलोची घोंगडी एप्रिलच्या लातुरी उन्हात दोनशे ग्रॅम कमी भरली, तर कुणी फसवलं असं समजू नये. भाव ठरवताना नुसतं वजन न पाहता वजनाला क्षेत्रफळानं भागा. नऊ फूट बाय साडेचार फूट म्हणजे पावणेचार चौरस मीटर. अडीच किलो असेल तर चौरस मीटरला साधारण ६६५ ग्रॅम. पांघरायला पाचशे ते सातशे पुरतात, अंथरायला आठशेच्या वर हवी. विकणाऱ्याची ‘हाता’ची मापं माणसागणिक बदलतात, म्हणून टेप खिशात ठेवा.

मऊपणा तपासायची जागा तळहात नव्हे. तळहाताची कातडी जाड असते, तिला काही कळत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा मानेला लावा. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक कातडीला टेकलं की वाकत नाही, टोचतं. अंगालगतच्या कपड्यात असे तंतू शंभरात पाचहून जास्त झाले की बहुतेकांना खाज सुटते. दख्खनी लोकरीत ते त्याच्या कित्येक पट असणारच. म्हणून कोणतीही दख्खनी घोंगडी उघड्या अंगावर मऊ लागेल ही अपेक्षा ठेवू नये. खाली धोतर किंवा सुती चादर घ्यायची जुनी रीत यासाठीच आहे. अंगावर एकदम मऊ लागली तर उलट संशय घ्यावा.

     

जाळून पाहायची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे, पण ती अर्धीच केली जाते. लोक घोंगडीची दशी तोडून काडी लावतात. दशी म्हणजे ताण्याची टोकं, तिच्यावरून बाणा कळत नाही. ताणा लोकरीचा आणि बाणा ॲक्रिलिकचा, किंवा उलटं, असा माल याच सवयीवर खपतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगवेगळे जाळा. लोकर ज्योतीपासून आकसते, जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की विझते, आणि मागे राहिलेली काळी गोळी चिमटीत चुरगळून राख होते. ॲक्रिलिक भडकून वितळतं आणि गोळी खड्यासारखी टणक राहते. सुती धागा कागदासारखा जळतो.

मिश्रण आहे का ते पाहायचं असेल तर पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात धागा टाका. लोकर दहाएक मिनिटांत विरघळते, बाकीचं मागे उरतं. हे काम स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करावं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला सोडा खातो आणि वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

पाठदुखी जाते, वात जातो, रक्तदाब उतरतो असे फलक स्टॉलवर लावलेले असतात. घोंगडीनं ऊब मिळते, एवढं पक्कं. बाकीच्या दाव्यांसाठी जास्तीचा रुपया मोजू नये.

धुताना थंड पाणी आणि रिठा, बस. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखी, होते. बादलीत दाबून काढा, पिळू नका, खाटेवर आडवी पसरा. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनानं लांबते आणि मधे झोळ पडतो. आणि सकाळी लवकर धुवा. भिजत घोंगडं हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही, डिसेंबरच्या उन्हातही ती दोन दिवस घेते. ठेवून देताना घामाचे डाग राहू देऊ नका, कसर आधी तिथंच लागते. कडक ऊन, झटकणं, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालून सुती कापडात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाल तर अडकलेली ओल तिला कुबट करते.

सणगर विणकराकडून सांगून करून घेणार असाल तर चार गोष्टी आधीच ठरवा: लोकर फक्त खांदा-कुशीची, ताणा आणि बाणा दोन्ही लोकरीचे, खळ फक्त ताण्याला, आणि माप धुतल्यानंतरचं. शेवटची अट लोक विसरतात. नऊ फुटांच्या घोंगडीत पहिल्या धुण्याला चार-सहा इंच जातात, म्हणून मागावर साडेनऊ फूट लावायला सांगा. दोन पट्ट्या जोडून होणारी असेल तर मधली शिवण लोकरीच्याच सुतानं घाला म्हणावं. सुती दोरा लोकरीइतका आटत नाही, आणि मग शिवणीशी चुण्या पडतात.